मानसिक आजाराचं निदान: पहिल्या तपासणीची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

मानसोपचाराच्या ओपीडीत एक दृश्य रोज दिसतं. नातेवाइकांच्या हातात जाडजूड फाइल असते. तीत मेंदूचा एमआरआय, ईईजी, रक्ताचे दोन-तीन वेळचे रिपोर्ट. डॉक्टर विचारतात, "हे कधीपासून सुरू झालं?" आणि चार माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. आई म्हणते दिवाळीपासून, भाऊ म्हणतो दोन वर्षं झाली, पेशंट म्हणतो मला काहीच झालेलं नाही. मग कुणीतरी सगळ्यांच्या वतीने सांगून टाकतं, "टेन्शन लय घेते हा, डॉक्टरसाहेब."

नैराश्य, बायपोलर (कधी नैराश्य, कधी उन्माद), स्किझोफ्रेनिया (भास आणि खोट्या समजुतींचा आजार), ओसीडी (मनाविरुद्ध तेच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा) यांपैकी एकाही आजाराचं निदान रक्ताच्या चाचणीने किंवा एमआरआयने होत नाही. ते होतं लक्षणांच्या हकिकतीवरून, ती किती दिवस टिकली यावरून आणि समोर बसलेल्या माणसाच्या तपासणीवरून. त्या चाचण्या दुसरा एखादा शारीरिक आजार नाही ना, हे बघायला असतात. म्हणून हकिकत कच्ची असेल तर निदानही कच्चंच राहतं, डॉक्टर कितीही मोठे असोत. हा लेख ती हकिकत नीट नेण्यासाठी आणि तपासणीचा क्रम समजून घेण्यासाठी आहे. घरी बसून स्वतःच निदान करण्यासाठी तो वापरू नका.

## टप्पा १: ओपीडीची वाट बघायची की आत्ताच निघायचं?

सगळ्यात आधी हे ठरवा. पुढच्या कागदी तयारीला वेळ लागतो, आणि काही वेळा तो वेळ नसतो.

पुढचं काहीही दिसलं तर थेट कॅज्युअल्टीत जा. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, एम्स किंवा घराजवळचं कोणतंही मोठं रुग्णालय चालेल.

- काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झालेली बरळ, दिवस-रात्र न कळणं, घरचे ओळखू न येणं. विशेषतः वय साठच्या पुढे असेल, सोबत ताप असेल किंवा झटका येऊन गेला असेल तर. सकाळी बरं आणि संध्याकाळी पुन्हा भ्रम, असं वरखाली होत असेल तर शंका आणखी वाढते. याला वेड समजून मानसोपचाराच्या रांगेत उभं राहू नका. हा बहुतेक वेळा शरीरातला बिघाड असतो: जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, साखर कमी होणं.
- एप्रिल-मेच्या उन्हात काम करून आलेला माणूस असंबद्ध बोलतोय आणि अंग भाजतंय. नागपूरच्या उन्हाळ्यात हा उष्माघात धरूनच चाला. अंग गार करत करत दवाखान्यात न्या.
- रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली आणि दोन-चार दिवसांत हात थरथरणं, दरदरून घाम, नसलेले किडे किंवा माणसं दिसणं सुरू झालं. यात जीव जाऊ शकतो.
- बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झोप पूर्ण उडणं, संशय, भलतंसलतं बोलणं, बाळाबद्दल विचित्र कल्पना. "बाळंतिणीला बाहेरचं लागलं" म्हणून घालवलेला एकेक दिवस आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा.
- मरण्याची भाषा, त्याची तयारी, किंवा केलेला प्रयत्न. अन्नपाणी पूर्ण बंद. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशी स्थिती.

सावधान: आत्महत्येची शंका असेल तर माणसाला एकटं ठेवू नका. शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात. गोळ्यांची पाकिटंही तशीच. विष घेतल्याची नुसती शंका असली तरी "उलटी झाली, आता बरा आहे" यावर विसंबू नका.

रात्री-बेरात्री काय करावं कळत नसेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे: १४४१६. चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पण वरच्या यादीतलं काही घडत असेल तर आधी गाडी काढा, फोन वाटेत करा.

## टप्पा २: योग्य माणसाकडे जा

निदान करणारा, औषध लिहिणारा तो मानसोपचारतज्ज्ञ. हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. पहिली तपासणी शक्यतो यांच्याकडे करा, कारण शारीरिक कारण आहे का हेही तेच बघू शकतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एम.फिल. किंवा त्या तोडीचं प्रशिक्षण घेतलेला आणि भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असलेला तज्ज्ञ. बुद्ध्यांक, व्यक्तिमत्त्व, स्मरणशक्ती यांच्या चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. ते गोळ्या लिहीत नाहीत. समुपदेशक आधार देतो, मार्ग दाखवतो, पण गंभीर आजाराच्या निदानाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. "काउन्सेलिंग करून घेऊ, गोळ्या नको" असं आधीच ठरवून निघालेली घरं सहा महिने चुकीच्या दारात बसतात. न्यूरोलॉजिस्ट झटके, पक्षाघात, कंपवात बघतात. डोक्याचा आजार म्हणजे न्यूरो, हा समज नागपुरात फार घट्ट आहे, आणि त्यापायी नको तितके एमआरआय निघतात.

सरकारी पर्याय चार. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे. वर्धा रोडवर मिहानमधल्या एम्समध्ये आहे, तिथे ऑनलाइन नोंदणीही करता येते. चौथं, कोराडी रोडचं प्रादेशिक मनोरुग्णालय. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीसोबत राज्यातल्या चार मनोरुग्णालयांपैकी हे एक. ऑटोवाले अजून "पागलखाना चौक" म्हणूनच सोडतात आणि त्या नावानेच माणसं परत फिरतात. तिथे ओपीडी चालते, लोक तपासून गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी जातात. तिथे पाय ठेवला म्हणजे भरती झालो, असं काही नसतं.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली किंवा छिंदवाडा, बालाघाटकडून येणाऱ्यांनी आधी आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पहिली तपासणी आणि औषधं तिथेच होऊ शकतात. दर महिन्याला नागपूरची बस पकडायची वेळ आली की फॉलोअप तुटतो.

तपासा: खासगीत जात असाल तर डॉक्टरांच्या पाटीवरची पदवी वाचा. "मनोविकार सल्लागार", "माइंड थेरपिस्ट" ही पदवी नव्हे.

## टप्पा ३: एका पानाची हकिकत लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एमआरआयच्या पैशांपेक्षा या पानाचा उपयोग जास्त.

आधी, आजारापूर्वीचा माणूस. कसा होता? अबोल की बोलका, किती शिकला, काम कसं करायचा, मित्र किती? डॉक्टरांना बदल मोजायचा असतो. मुळातच अबोल माणूस गप्प बसला तर तो बदल नाही. गप्पिष्ट माणूस तीन महिने गप्प असेल तर तो मोठा बदल आहे.

मग तारखा. नेमकी तारीख कुणालाच आठवत नाही, म्हणून सणांना धरून चला. पोळ्याला बरा होता का? मारबतीच्या मिरवणुकीला मित्रांबरोबर इतवारीत गेला होता का? दिवाळीत फराळाला बसला? संक्रांतीला? दहावीचा पेपर, बहिणीचं लग्न, संत्र्याची तोड, कशालाही अडकवा. दोन माणसांनी वेगवेगळं आठवून मग जुळवलं तर पान जास्त खरं निघतं.

मग वागणूक, जशी दिसली तशी. "चिडखोर झाला" हा तुमचा निष्कर्ष आहे. "महिन्यात तीनदा ताट फेकलं, एकदा बापावर हात उगारला" ही माहिती आहे. "विचित्र बोलतो" लिहू नका. "टीव्हीवरची बाई माझ्याबद्दलच बोलते, असं म्हणतो" हे लिहा, शक्यतो त्याच्याच शब्दांत.

पुढच्या प्रत्येक गोष्टीवर एक ओळ हवी: झोप (किती तास, जाग कधी), भूक आणि वजन, कामाचे खाडे, अंघोळ-कपडे, पैशांचा खर्च, बोलण्याचा वेग, संशय, भीती, एकटं पुटपुटणं, पुन्हा पुन्हा हात धुणं किंवा कुलूप तपासणं, मरणाचे विचार.

एक काल्पनिक पान बघा. चौतीस वर्षांचा माणूस, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून.

- पोळ्यापर्यंत: रोज कामावर, रविवारी क्रिकेट, झोप सात तास.
- दिवाळीनंतर पंधरा दिवसांत: पहाटे ३ ला जाग, पुन्हा झोप नाही. क्रिकेट बंद.
- नाताळच्या आसपास: महिन्यात १२ खाडे. "माझ्यामुळे सगळ्यांचं वाटोळं झालं" असं म्हणतो.
- संक्रांत: एकच वेळ जेवण. वजन ६८ वरून ६२ किलो.
- तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा: साधारण दहा दिवस रात्री फक्त दोन तास झोप, तरी थकवा नाही. कर्ज काढून दोन बाइक घेतल्या. रात्री अडीचला मित्रांना धंद्याच्या योजना सांगायला फोन. नोकरीवर साहेबाशी भांडण.

पहिल्या चार ओळी वाचून कुणीही नैराश्य म्हणेल. शेवटची ओळ आली की चित्र बदलतं. तो उन्माद असेल तर हे बायपोलर असू शकतं, आणि त्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळण्याचा धोका असतो. बहुतेक घरं ही ओळ सांगतच नाहीत, कारण तेव्हा कुणाला तो आजार वाटलाच नव्हता. उलट "तेव्हा मस्त होता" अशी आठवण असते. म्हणून उदास माणसाच्या हकिकतीत हा प्रश्न मुद्दाम विचारा: कधी सलग काही दिवस झोप कमी, उत्साह भलता जास्त, खर्च आणि बडबड जास्त, असं झालं होतं का?

शेवटी घराण्यातला आजार. मामा, आत्या, आजोबा, कुणाला असा त्रास, कुणाची आत्महत्या, कुणाला दारूचं व्यसन? लग्नाच्या वेळी झाकलेली गोष्ट इथे झाकू नका. घराण्यात कुणाला कोणत्या गोळीने बरं वाटलं, हेही उपयोगी पडतं.

सावधान: मोबाइलवर वागणुकीचा एखादा मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना खूप सांगून जातो, झटका आणि इतर प्रकार वेगळे करायला तर फारच. पण तो फक्त डॉक्टरांसाठी. नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलेला व्हिडिओ परत येत नाही.

## टप्पा ४: शरीर आणि व्यसन, दोन्ही उघड करा

काही शारीरिक आजार मनाच्या आजारासारखेच दिसतात. थायरॉइड कमी असेल तर सुस्ती, उदासी, जाड आवाज. वाढलेला असेल तर धडधड, घाबरणं, झोप नाही. बी-१२ ची कमतरता विस्मरण आणि उदासी दाखवते, शाकाहारी घरांत ती हमखास विचारात घ्यावी. रक्तक्षय थकवतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. त्याच्या वेदना आणि थकव्याला "नाटक" म्हटलं जातं, आणि उलट त्या पेशंटचं खरं नैराश्य "सिकलसेल आहे ना" म्हणून दुर्लक्षलं जातं. दोन्ही बाजूंनी सांभाळा.

सगळ्या चालू गोळ्या एका पिशवीत घालून न्या. नावं पाठ असली तरी पाकिटं न्या. स्टेरॉइड, टीबीची काही औषधं (आयसोनियाझिड, सायक्लोसेरिन) यांनी मनाची लक्षणं येऊ शकतात. आयुर्वेदिक चूर्ण, बाबाने दिलेली पुडी, मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी, सगळं त्याच पिशवीत. आणि भाजीत-चहात मिसळून लपवून गोळी देत असाल तर तेही सांगा. घरात सगळ्यांना माहीत आणि डॉक्टरांना मात्र नाही, असं झालं की औषधाचा परिणाम आजारात मोजला जातो.

आता व्यसन. "काही व्यसन आहे का?" "नाही जी, काहीच नाही." आणि खिशात खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, दोन पुड्या. आपल्याकडे खर्रा व्यसनात धरतच नाहीत, चहासारखा समजतात. दिवसाला किती पुड्या, कधीपासून, हे लिहा. दारू असेल तर "कधीकधी" नको. आठवड्यातून किती दिवस, किती, शेवटची कधी. गांजा असेल तर मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या, आईबापांसमोर तो कबूल करणार नाही. दारूमुळे आलेली उदासी आणि मूळची उदासी वेगळी करायला डॉक्टर कधीकधी दारू सुटल्यानंतर साधारण चार आठवडे थांबून पुन्हा बघतात. ही टाळाटाळ नव्हे, तपासणीचाच भाग आहे.

तपासा: चाचण्या स्वतः ठरवून करू नका. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन यांचे अलीकडचे रिपोर्ट असतील तर न्या, नसतील तर डॉक्टर सांगतील ते करा. एमआरआयची गरज नेमकी केव्हा असते? पहिल्यांदाच उतारवयात लक्षणं आली, झटके येतात, डोक्याला मार लागला, हातापायात कमजोरी आहे, अशा वेळी. वीस वर्षांच्या मुलाचा एमआरआय "नॉर्मल" आला म्हणून त्याला आजार नाही, असं ठरत नाही.

## टप्पा ५: मोबाइलवरच्या प्रश्नावलीचं काय करायचं

नैराश्याची शंका तपासणारी पीएचक्यू-९ ही सगळ्यात प्रचलित. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर तपासणी करून घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. ती चाळणी आहे. थायरॉइड, वियोगाचं दुःख, दारू, बायपोलर, यांतलं काहीही असलं तरी गुण वर जातात आणि प्रश्नावलीला त्यातला फरक कळत नाही. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांना, शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर असेल तर एकूण गुण कमी असले तरी थांबू नका.

भरलेला कागद तारीख घालून सोबत न्या. "मला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आहे, व्हिडिओत सगळी लक्षणं जुळली" असं म्हणून जाऊ नका. लक्षणं सांगा, नाव डॉक्टरांना ठेवू द्या.

## टप्पा ६: तपासणीचा दिवस

कोण जाणार. पेशंट, आणि त्याच्यासोबत राहणारा एक माणूस. पाच जण नकोत. सुशिक्षित काका नागपुरात आणि पेशंट उमरेडला राहत असेल, तर काका हकिकत सांगायला निरुपयोगी.

खोटं बोलून नेऊ नका. "पोटाच्या डॉक्टरकडे जाऊ" म्हणून आणलेला माणूस खुर्चीत बसल्यावर बोलत नाही, आणि पुढच्या वेळी घरातून निघत नाही. "तुझी झोप उडाली आहे, त्याचे डॉक्टर आहेत" हे खरंही आहे आणि बहुतेकांना मान्यही होतं.

लवकर जा. सरकारी ओपीडी सकाळची असते. केसपेपर काढून विभागात पोचेपर्यंत वेळ जातो. आधारकार्ड, जुने केसपेपर, ते एक पान आणि गोळ्यांची पिशवी जवळ असू द्या. पेशंटला उपाशी नेऊ नका, नाश्ता करून निघा; रक्ताच्या चाचण्यांसाठी उपाशी राहायचं असेल तर डॉक्टर वेगळा दिवस सांगतील.

बोलण्याचा क्रम. डॉक्टर साधारण पेशंटशी एकट्याने, मग नातेवाइकांशी, मग दोघांशी एकत्र बोलतात. गर्दीत हे झालं नाही तर विनंती करा: "डॉक्टर, याच्याशी दोन मिनिटं एकट्याने बोलाल का?" बायकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. नवरा आणि सासू दोन्ही बाजूंना बसलेली बाई घरातल्या मारहाणीबद्दल काहीही सांगणार नाही, आणि मग मारहाणीतून आलेली भीती "चिंतेचा आजार" म्हणून लिहिली जाते.

पेशंटच्या वतीने उत्तरं देऊ नका. त्याला थांबायला, अडखळायला, रागवायला द्या. त्याच्या बोलण्याचा वेग, चेहरा, विषय भरकटणं, नजर, हेच तर डॉक्टर बघत असतात.

काही प्रश्न विचित्र वाटतील. आज वार कोणता, १०० मधून ७ वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवून पाच मिनिटांनी सांगा, एखाद्या म्हणीचा अर्थ सांगा, कुणी नसताना कानात आवाज येतात का, जगण्याचा कंटाळा आलाय का. ही मनःस्थितीची रीतसर तपासणी आहे. यातून लक्ष, स्मरण, विचारांची जुळणी, भास, स्वतःच्या आजाराची जाण तपासली जाते. मरणाबद्दल विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार येत नाही. उलट विचारल्यावर बरेच जण पहिल्यांदा मोकळे होतात.

भाषेचंही सांगून टाका. पेशंट हिंदी, गोंडी, छत्तीसगढी यांत मोकळा होत असेल तर तसं म्हणा. दुसऱ्या भाषेत अडखळणारा माणूस बुद्धीने कमी वाटू शकतो.

श्रद्धेचं काय? आधी ताजबागला, देवीला, मांत्रिकाकडे जाऊन आला असाल तर लाजू नका, तेही हकिकतीतच येतं. नवरात्रात सगळ्यांसोबत अंगात येणं किंवा वडील गेल्यावर काही दिवस त्यांची हाक ऐकू आल्यासारखं वाटणं, एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही. पण ते प्रसंगाबाहेर, वारंवार, काम बंद पाडून येत असेल तर डॉक्टरांना कळायला हवं. दर्शन घ्या, पण गोळी सोडू नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साखळदंड, चटके हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

## टप्पा ७: कागदावरचं निदान वाचा

केसपेपरवर निदानापुढे प्रश्नचिन्ह असेल, किंवा "प्रोव्हिजनल" लिहिलं असेल, तर ते तात्पुरतं आहे. पहिल्या भेटीत असंच असायला हवं. "एफ ३२", "एफ २०" असे आकडे आयसीडी या आजारांच्या जागतिक यादीतले असतात. एफ ३२ म्हणजे नैराश्याचा एपिसोड, एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया, एफ ३१ म्हणजे बायपोलर. आता आयसीडी-११ आली असली तरी जुने आकडे कागदोपत्री अजून दिसतात.

निदानात दिवस का मोजतात, हे कळलं की घाई कमी होते. नैराश्यासाठी लक्षणं जवळपास रोज किमान दोन आठवडे लागतात. उन्माद साधारण आठवडाभर. स्किझोफ्रेनिया म्हणायला आयसीडीप्रमाणे किमान एक महिना, अमेरिकन पद्धतीत सहा महिन्यांचा एकूण काळ. म्हणून दहा दिवसांच्या भास-संशयाला डॉक्टर आधी दुसरं नाव देतात आणि नंतर बदलतात. "याने एक सांगितलं, त्याने दुसरं" असं म्हणून डॉक्टर बदलत राहिलात तर तो काळ बघणारा कुणी उरतच नाही.

उठण्यापूर्वी हे विचारा:

1. सध्या काय वाटतं, आणि दुसरी कोणती शक्यता डोक्यात आहे?
2. पुढच्या भेटीपर्यंत आम्ही काय टिपून आणायचं?
3. गोळीचा परिणाम किती दिवसांत दिसेल, कोणता त्रास झाला तर लगेच यायचं?
4. मानसशास्त्रीय चाचणी लागेल का, आणि कशासाठी?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दोन गोष्टींत तुमच्या बाजूने आहे. निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच करावं लागतं. घराच्या मनाविरुद्ध लग्न केलं, धर्म-परंपरा मानत नाही, किंवा पूर्वी कधी मनोरुग्णालयात उपचार झाले होते, एवढ्यावरून कुणालाही मानसिक आजारी ठरवता येत नाही. घटस्फोटाच्या किंवा जमिनीच्या भांडणात "वेडा असल्याचं लिहून द्या" म्हणत येणाऱ्यांनी हे वाचावं. दुसरं, पेशंटला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क आहे. भरती झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय निघू नका.

सावधान: दुसरं मत जरूर घ्या, पण जुने कागद सोबत नेऊन आणि गोळ्या सुरू ठेवून. नव्या डॉक्टरांनी "कोरं" बघावं म्हणून कागद लपवणं आणि गोळी बंद करणं, या दोन चुकांनी निदान हमखास मागे जातं.

## मुलं आणि म्हातारी माणसं: क्रम थोडा वेगळा

मुलांच्या बाबतीत आधी कान आणि डोळे तपासा. ऐकू न येणारं पोरगं "लक्ष देत नाही" म्हणून येतं. शाळेतून बाईंची लेखी टिपणी, वह्या, प्रगतिपुस्तकं आणा. एडीएचडीसाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आणि घर-शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. फक्त गणिताच्या तासाला वळवळणारं पोर त्यात बसत नाही. बोलायला कधी लागला, चालायला कधी, जन्मतः रडला का, हे आईला विचारून लिहून न्या.

म्हाताऱ्यांत तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात. अचानक आलेला भ्रम तासा-दिवसांत येतो आणि वरखाली होतो, तो पहिल्या टप्प्यातच पकडा. स्मृतिभ्रंश महिने-वर्षांत हळूहळू येतो, आणि माणूस सहसा विस्मरण झाकतो. नैराश्य आठवड्यांत येतं, आणि माणूस स्वतःच "मला काही आठवत नाही" म्हणून तक्रार करतो. नैराश्य बरं होण्याजोगं आहे, म्हणून "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

## टप्पा ८: दुसरी भेट आणि प्रमाणपत्र

पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधल्या काळात रोज एक ओळ लिहा: झोप किती, जेवण किती, गोळी घेतली का, काही वेगळं घडलं का. पेशंट स्वतः लिहीत असेल तर उत्तम. गोळी चुकली असेल तर चुकली लिहा. न घेतलेली गोळी लागू पडली नाही असं कागदावर आलं की डोस उगाच वाढतो.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र पहिल्याच भेटीत मागू नका. निदान वेगळं आणि अपंगत्वाची टक्केवारी वेगळी. मानसिक आजारासाठी ती आयडियाज या भारतीय मोजपट्टीने काढतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम, या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ४ गुण, त्यात आजार किती काळ आहे त्याचे गुण. एकूण ७ पासून ४० टक्क्यांची पातळी सुरू होते, आणि बऱ्याचशा सवलतींसाठी तेवढं लागतं. अर्ज यूडीआयडीच्या (अपंगत्व ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर भरावा लागतो, तपासणी सरकारी मंडळाकडे होते. तिथे नेण्यासारखी एकच गोष्ट म्हणजे नियमित उपचारांच्या नोंदी, तारखांसह. त्यामुळे केसपेपरची कोणतीही आवृत्ती फेकू नका, आणि पाण्यापासून वाचवायला प्लास्टिकच्या फोल्डरात ठेवा.